आडव्या फांद्या

धाकट्या जावेचा हिशोब सरळ होता. झाड तिच्या अंगणातलं, पाणी तिचं, खत तिचं, काट्यांचे ओरखडे तिच्याच हातांवर. आणि फुलं मात्र सगळी वर, थोरलीच्या खिडकीत. वेली गुलाबाने भिंत धरली, सरळ वरच्या मजल्यावर गेला आणि तिथे जाऊन घमघमू लागला. खाली यायच्या त्या गळलेल्या पाकळ्या, त्याही झाडून काढायला.

घराच्या वाटणीत जिना कोणाचा, यावरून दोघी जावा एकमेकींना नको नको ते बोलल्या होत्या. ज्यांच्यासाठी भांडल्या ते दोघे भाऊ देवाघरी गेले; अबोला मात्र ठणठणीत राहिला. "तुमच्या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही," असं धाकटी म्हणाली होती, आणि शब्दाची पक्की निघाली.

एकदा माळी आला. झाड बघून त्याने कपाळाला हात लावला.

"बाई, उभी फांदी शेंड्यालाच फुलते. आडव्या बांधा. डोळ्याडोळ्याला कोंब फुटेल, भिंतभर फुलं तुमच्यासमोर."

"आणि वर?"

"वर काय, नुसती भिंत."

धाकटीला हसू आलं, आणि लगेच आवरावंही लागलं. थोरली महिनाभरापासून अंथरुणाला खिळली होती. दवाखान्याने घरी पाठवलं होतं, आणि अशा वेळी घरी का पाठवतात ते कोणी कोणाला विचारत नाही.

फांद्यांचे शेंडे वरच्या खिडकीच्या गजांना बांधलेले होते. गाठी सोडायला माळी निघाला, तर धाकटी म्हणाली, "राहू द्या, काटे लागतील." माळ्याला काटे लागतील म्हणे! आणि स्वतःच जिना चढली.

थोरलीच्या लेकीने दार उघडलं आणि मुकाट्याने बाजूला झाली. पलंग खिडकीला लावलेला होता.

"आलीस?" थोरली म्हणाली. "आधी मरण येतं की तू, हेच बघत होते."

"फांद्या सोडायला आले."

"ऐकलंय सगळं. खिडकी उघडीच असते. सोड."

धाकटी गजापाशी घुटमळली. "मग इथे फूल नाही यायचं, ताई."

"न यायला काय झालं? तू आणशील की."

धाकटीने गाठी सोडल्या.

वाकवलेल्या फांद्या फुलायला वेळ घेतात. तोवर धाकटी रोज रिकाम्या हाताने वर जाऊ लागली, नुसती बातमी घेऊन. कोंब आले. तांबूस पालवी फुटली. एक कळी धरली. थोरली डोळे मिटून ऐकायची, आणि ऐकून झाल्यावरही ते मिटलेलेच राहायचे.

एका सकाळी लेक खाली आली. "काकू, आई रात्रभर कण्हत होती."

धाकटीने कात्री घेतली, कळी तोडली आणि वर नेली.

थोरलीने ती बोटांत फिरवली. "कच्चीच तोडलीस गं. ही आता उमलायची नाही."

"मला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते."

धाकटीची मान खाली गेली. थोरली नखाने एकेक पाकळी उलगडू लागली. बोटं थकली तसं धाकटीने तिचं मनगट धरलं. बाहेरच्या पाकळ्या हिरवट होत्या, कसलाच वास नसलेल्या. आतल्या गर्द लाल, ओलसर. थोरलीने त्या बराच वेळ नाकाशी धरल्या. मग हात पुढे केला.

"घे. पाणी तुझंच आहे."

धाकटीने वाकून वास घेतला. मनगट मात्र तिने सोडलं नाही.