लवंग वाढव

एकोणीसशे ब्याण्णव सालची ही गोष्ट. त्या वर्षी वीज सारखी जायची, आणि गंमत म्हणजे मेणबत्त्यांचा धंदा निघाला तो वायरमनच्याच घरात. शेजारी त्याला चिडवायचे, "दिवसा तारा तोडून येतोस, म्हणून तर संध्याकाळी बायकोचा माल खपतो!"

सुगंधी मेणबत्त्या करायची कल्पना मात्र सासूबाईंची. त्यांची हयात साबणाच्या कारखान्यात, वास मिसळायच्या खात्यात गेली होती. नाक असं तिखट, की सून बाहेरून आली तर ती कुणाकडे चहा पिऊन आली ते सांगायच्या. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ते धड जुळलंच नाही. तेव्हापासून त्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पडून असायच्या, आणि तिथूनच मेणबत्त्यांचा हा कारखाना चालवायच्या.

सुनेनं पाण्याच्या पातेल्यात मेणाचं भांडं ठेवायचं, मेण वितळलं की खाली उतरवायचं, कडेला साय धरायला लागली की तेल घालायचं आणि साच्यात ओतायचं. प्रत्येक घाण्यातली पहिली मेणबत्ती सासूबाईंच्या उशाच्या स्टुलावर जळायची. त्या पास म्हणाल्या तरच बाकीच्या दुकानात जायच्या.

"उडालं गं तेल," त्या डोळे मिटूनच म्हणायच्या. "कढत मेणात ओतलंस. घाई कसली होती, गाडी सुटत होती का?"

"आई, तुम्ही बघितलंत तरी का?"

"नाकानं बघितलं. तुला देवानं नाक दिलंय ते नुसतं मुरडायला."

अशी दोघींची जुगलबंदी चालायची. घर एरवी उदासच होतं. हसू यायचं ते एवढंच.

सासूबाईंना धसका होता एकाच गोष्टीचा, इस्पितळाचा. सासरे तिथे पायानं चालत गेले होते आणि चादरीत गुंडाळून परत आले होते. मुलानं एकदा बजावलं होतं, "आता काही नवीन दुखणं निघालं तर मात्र तिथेच ठेवावं लागेल, आई. घरी झेपणार नाही." त्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या होत्या.

अधूनमधून एक नर्सबाई येऊन पाय आणि रक्तदाब बघून जायच्या. नर्सबाई पाठ बघते म्हणाल्या, की सासूबाई म्हणायच्या, "सकाळीच सुनेनं पुसून दिलीय, कशाला उगीच हलवतेस." आणि सून पुसायला आली, की म्हणायच्या, "सिस्टरनं बघितलंय. कमरेखाली माझं मी पुसते. अजून मेले नाही मी." दोघींनाही ते खरंच वाटलं.

त्याच सुमाराला त्यांची आवड बदलली. गवती चहा नको, लव्हेंडर नको. "लवंग वाढव."

"वाढवलीय की."

"मग मला का येत नाही वास? अजून वाढव. आणि विझवू नकोस, जळू दे."

सुनेला वाटलं, म्हातारीचं नाक गेलं. त्या कडक नाकाची तिला पहिल्यांदाच कीव आली, आणि ती मुकाट्यानं थेंब वाढवत गेली. दुकानदारानं मेणबत्त्या परत पाठवल्या. "वहिनी, गिऱ्हाइकांची डोकी चढतात. दातांचा दवाखाना काढलाय का घरात?" ही गोष्ट तिनं सासूबाईंना सांगितली नाही. परत आलेल्या मेणबत्त्या त्यांच्याच खोलीत जाळून संपवल्या.

मग मेण मिळेनासं झालं. चूल बंद पडली, लवंगेच्या मेणबत्त्या संपल्या, आणि सतत तेलात वावरून बधिरलेलं सुनेचं नाक हळूहळू उघडलं. अखेर थोडं मेण आलं, पण वात नव्या जातीची. नवी वात आधी बिनवासाच्या मेणात जाळून बघायची, हा सासूबाईंचाच नियम. म्हणून तिनं एक साधी मेणबत्ती केली आणि दुपारी उशाशी लावली.

"हिच्यात काहीच नाही?" सासूबाईंनी डोळे उघडले.

"नुसती वात बघायचीय, आई."

"विझव ती. लवंगेची आण."

"संपल्या."

सून ज्योतीवर वाकून बघत होती. धूर नव्हता, वात छान होती. पण वास आला. गोडसर, कुजका. तिनं कपाटामागे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून खाटेखाली पाहिलं.

"उंदीर मेलाय वाटतं कुठेतरी."

"उंदीर नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे."

सुनेनं चादर ओढली, त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर पडून पडून चिघळलेली तळहाताएवढी जखम होती, काठ काळे पडलेले, आत खोल.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. पडून असलेल्या बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "त्याला सांगू नकोस. लवंग आण. थोडेच दिवस आहेत, मला माहीत आहे. इथेच जाऊ दे मला, मुली."

आजवर त्यांनी तिला कधी मुली म्हटलं नव्हतं.

 सुनेनं एकेक बोट सोडवलं आणि नवऱ्याला बोलवायला गेली.

इस्पितळात सासूबाई फक्त एकदा बोलल्या. छताकडे बघत म्हणाल्या, "फिनेलमध्येसुद्धा पाणी घातलंय मेल्यांनी." सुनेकडे त्यांनी मान वळवली नाही. जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. मुलाला आपलं बोलणं आठवत असावं. तो वॉर्डात आत येईना, जिन्यातच उभा राहायचा. आईला घरी आणलं, ते चादरीतच.

नर्सबाईंनी त्यानंतर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. रोगी शिव्या देवो नाहीतर रडो, पाठ स्वतः बघायच्या. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या, तिथेच गेल्या. वायरमन पुढे मुकादम झाला. आईची खोली त्यानं हत्यारं ठेवायला घेतली, पण आत तो क्वचितच जायचा. तोही आता नाही.

सुनेनं मेणबत्त्या बरीच वर्षं केल्या, बिनवासाच्या. आता ती स्वतःच म्हातारी आहे. कुणाच्या आजारपणात भेटायला गेली, की बसण्याआधी खिडकी उघडते, उदबत्ती लावलेली असेल तर विझवते, आणि खाटेजवळ जाऊन खोल श्वास घेते. लोकांना ती विचित्र वाटते.