उणे चार अंशांतली फुलं

उल्काने शीतगृहाचं दार सरकवलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. स्नोड्रॉपची पांढरी फुलं सगळीच्या सगळी मातीवर आडवी पडली होती. पानं काळपट, काचेसारखी झाली होती. भिंतीवरचा सुटा तापमापक उणे चार दाखवत होता. तिथे अधिक तीन हवं होतं.

"सारंग!"

सारंग, तिचा नवरा, या शीतगृहाची यंत्रणा सांभाळत असे. उल्का उद्यानतज्ज्ञ. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या औद्योगिक वसाहतीत दोघं मिळून एका मॉलमधल्या वसंत प्रदर्शनाची तयारी करत होते. बर्फातून वर येणारी फुलं इथल्या मुलांना दाखवायची होती. नेदरलंड्सहून आलेले वाफे त्याच संध्याकाळी ट्रकने निघणार होते.

सारंगने पॅनल उघडलं. "यंत्रणेचा सेन्सर गेलाय. इथे गोठत होतं आणि त्याला उकडत होतं. काल मला शंका आली होती गं. म्हटलं, उद्या बदलू."

"ते नंतर."

तेवढ्यात प्रदर्शनाचे व्यवस्थापक मिस्टर टान आत आले आणि जागीच थबकले. "संपलं, लाह! हीटर लावा, लवकर!" असं सिंगापुरी लकबीत म्हणत त्यांनी एक फूल उभं करायला बोटं घातली. उल्काने त्यांचं मनगट धरलं, पण उशीर झाला. देठ कडकन मोडलं.

"हात लावू नका, प्लीज. आणि हीटर तर मुळीच नको."

"मेलेल्या फुलांना काय होतंय?"

"मेली असतीलच असं नाही. थंडी वाढली की ही फुलं पेशींमधलं पाणी बाहेर सोडतात. बर्फ होतो तो बाहेरच्या बाहेर. आत साखर दाट होते, बर्फाला अडवणारी प्रथिनं असतात, म्हणून आतलं गोठत नाही. पाणी गेलं की देठ लुळं पडतं, एवढंच. सावकाश ऊब मिळाली तर पाणी परत आत शिरतं. एकदम तापवलं तर पेशी फाटतील."

"म्हणजे उठतील?"

उल्का वाफ्यावर वाकली. "थंडीत, उघड्यावर वाढलेली असतील तर उठतील. काचघरात वाढवलेली असतील तर नाही."

"आणि ही कुठे वाढली?"

तिने पुरवठादाराला फोन लावला. तिकडे मध्यरात्र. घंटी वाजत राहिली.

"दुपारपर्यंत थांबतो," टान म्हणाले. "मग ऑर्किड मागवतो."

सारंगने यंत्रणा हाताने चालवायला घेतली. आकडा मुंगीच्या पावलांनी वर सरकू लागला. शून्य ओलांडल्यावर पानांवर थेंब दिसू लागले. उल्का वाफ्याशी उकिडवी बसली होती, जाकीट घालूनही दात वाजत होते. वाफ्यांच्या कडेला हायसिंथ ही दुसरी फुलं लावली होती; त्यांचे तुरे आधी विरघळले आणि पारदर्शक होऊन शिजवल्यासारखे लिबलिबीत झाले. मधल्या फुलांचंही असंच होणार का? तिला तिकडे बघवेना.

"आणखी वाढवू का?" सारंगने विचारलं.

"नको."

"उल्का, बारा वाजत आले. टान बाहेर फोनवर आहेत. ऑर्किडचंच बोलतायत."

"नको म्हटलं ना! बटणाला हात लावू नकोस!"

ती ओरडली होती. सारंगने हात मागे घेतला. उल्का पुन्हा वाफ्याकडे वळली.

मग तिला वाटलं, एका देठाची मान जरा उचललीय. भास असेल म्हणून तिने डोळे चोळले. शेजारचं देठही मातीपासून सुटलं होतं. पानांचा काळपटपणा टोकांकडून ओसरत होता.

"सारंग, ये ना इकडे. मला एकटीला दिसतंय का, सांग."

तो वाकला. "उठतायत," तो कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर पुन्हा पडतील.

टान आत आले तेव्हा अर्ध्याहून जास्त फुलं माना खाली घालून, पण उभी होती. काही उठली नाहीत. हायसिंथ तर गेलेच. टाननी एकेक वाफा पाहिला आणि ऑर्किडची ऑर्डर रद्द केली.

"चूक माझी," सारंग त्यांना म्हणाला. "सेन्सर कालच बदलायला हवा होता."

"आधी बदला," टान म्हणाले. "मग बोलू."

उल्का बाहेर उकाड्यात येऊन पायरीवर बसली. बोटांत रक्त परतताना कळा येत होत्या. नवा सेन्सर बसवून सारंगही शेजारी येऊन टेकला.

"ओरडले रे तुझ्यावर."

"बरं झालं," तो म्हणाला. "बोट बटणावरच होतं माझं."

ती हसायला गेली आणि तिला रडूच आलं.