पाळण्यातला वरवंटा

मित्रांनो, मी निफाडच्या खंडेरावांच्या घरातला जुना सागवानी पाळणा आहे. रंगनाथ सुतारांनी मला घडवलं, चार कोपऱ्यांना चार राघू बसवले. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. खंडेरावांच्या नातीच्या, मोहिनीच्या बारशाला बायांनी माझ्यापाशी किती गाणी म्हटली! राघूसुद्धा डोलले.

मोहिनी पाच वर्षांची झाली आणि तिच्या आईला, आशाला, पुन्हा दिवस गेले. त्याच सुमारास रेडिओवर बातमी आली. दिल्लीत चर्चा होऊन कायदा झाला होता : पोटातलं मूल मुलगा की मुलगी, हे सांगणं गुन्हा.

खंडेराव हसले. "कायदा दिल्लीत, मशीन नाशकात!"

आशा माझी दोरी धूत होती. सासूला म्हणाली, "आत्याबाई, मुलगी असो का मुलगा, मला हवंय."

"तुला कोण इचारतंय?" लंकाबाई म्हणाल्या. "द्राक्षाच्या बागेला वारस नको?"

आशाचा नवरा धनराज तिला नाशकाला घेऊन गेला. परतल्यावर लंकाबाईंनी दारातच विचारलं, "काय बोलला डॉक्टर?"

"काय नाय. नुसती मान हलवली."

मित्रांनो, तेवढ्या मान हलवण्यात एक जीव गेला. दुसऱ्या खेपेला आशा गेली, ती रिकामी परत आली. दोरी वाळून तशीच खुंटीला होती.

मोहिनीला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिनं वरवंट्याला आपली जुनी कुंची घातली, त्याला माझ्यात निजवलं आणि झोका देत विचारलं, "आये, बाळाचं नाव काय ठेवायचं गं?"

आशानं वरवंटा उचलून छातीशी धरला. त्या दिवशी लंकाबाईंनी चटणी वाटली नाही. मी माळ्यावर गेलो.

वर्षं गेली. कायदा आणखी कडक झाला, दवाखान्यांत पाट्या लागल्या. मोहिनी सिन्नरला नांदायला गेली. तिला मुलगी झाली, तेव्हा आशानं मला खाली काढलं, पुसलं, राघू रंगवले.

बारशाला वरवंटा निजवायची वेळ आली. आशा खाली वाकली आणि बाळाच्या कानात सांगतात तसं तिनं वरवंट्याच्या कानात हळूच एक नाव सांगितलं. मग मोहिनीच्या लेकीला माझ्यात ठेवलं.

ते नाव मी ऐकलंय. कुणाला सांगणार नाही. मित्रांनो, उद्या तुमच्या घरात असा प्रश्न आला, तर मशीनच्या आधी त्या आईला विचारा. आशाला कुणीच विचारलं नव्हतं.