सगळ्यात शांत डोकं

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हात घालतात तसली नाही. माझ्या अंगभर भोकं, भोकाभोकात धातूच्या चकत्या आणि मागे वायरींची शेपटी. डोक्यावर बसायचं आणि आत काय चाललंय ते पडद्यावर रेघांनी दाखवायचं, हे माझं काम. कारखान्यात मला शिवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ही टोपी आहे की चाळणी?" अपमानाची सुरुवात तिथूनच झाली.

नेमबाजांच्या हॉलमध्ये मात्र माझा थाट होता. शिकाऊ नेमबाजानं पिस्तूल उचललं, की त्याच्या डोक्यात नुसता कलकलाट: खांदा सांभाळ, श्वास धर, नाक खाजतंय! मुरलेल्याचं तसं नाही. चाप ओढायच्या आधी त्याचं डोकं आपसूक बोलायचं थांबायचं. रेघा संथ व्हायच्या. आणि नेम मीच मारल्यासारखी मी फुशारायचे.

एकदा मोठ्या स्पर्धेसाठी एकच जागा उरली. दावेदार दोन: हॉलमधली मुरलेली नेमबाज, सगळ्यांची ताई, आणि आमच्या प्रशिक्षकांचा, म्हणजे मोठ्या सरांचा, भाचा. पुढच्या वर्षी ताई स्पर्धेच्या वयोमर्यादेत बसणार नव्हती. सर म्हणाले, "नेम काय, नशिबानंही लागतो. आपण डोकं बघून ठरवू." आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसले.

ताईनं मला घातलं. माझा हनुवटीखालचा पट्टा नवा होता. तो इतका काचला, की तिनं दात आवळले. जबडा आवळला की माझ्या रेघा थयथयाट करतात. तिकडे ताईच्या गोळ्या मधोमध लागत होत्या आणि इकडे मी पडद्यावर दंगल दाखवत होते!

"डोकं आहे की भाजीबाजार?" सर आतून ओरडले. "कटाप! पुढचा!"

माझी देखभाल करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला उतरवलं आणि टोपी ठेवायच्या ओल्या स्पंजच्या नकली डोक्यावर चढवून ठेवलं. वायर तशीच जोडलेली राहिली.

"अहाहा!" आतून आवाज आला. "एक रेघ हलत नाहीये! याला म्हणतात एकाग्रता! शेवटी भाचा कुणाचा!"

तेवढ्यात भाचा चहाचा कप घेऊन दारातून आत आला. "मामा, माझा नंबर आला का?"

सर बाहेर आले. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्याखालच्या स्पंजला. हॉलभर हसू फुटलं. मला तर त्या स्पंजमध्येच शिरावंसं वाटलं.

"सर, सपाट रेघ म्हणजे शांती नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जिवंत डोक्यात संथ का होईना, लाट असते. आणि ताई, तुझ्या हनुवटीखाली वळ कसला?"

"पट्टा काचत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, मनात कुरकुर केली तर तीही पडद्यावर दिसेल."

पट्टा सैल झाला. ताईनं पुन्हा पिस्तूल उचललं आणि तिचं डोकं अलगद गप्प झालं. इतकी सुंदर लाट मी कधी दाखवली नव्हती, पण सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते गोळी कुठे लागते ते बघत होते. मधोमध लागली.

"जा तू," एवढंच म्हणाले.

आता मी कपाटात असते, त्याच स्पंजच्या डोक्यावर. सगळे त्याला 'भाचेसाहेब' म्हणतात आणि दर वेळी मी शरमेनं आणखी चुरगळते. मित्रांनो, मला वापरलंत तर नीट धुवा, चकत्या डोक्याला नीट टेकाव्यात म्हणून भोकांत भरतात ते मलम वाळू देऊ नका. आणि कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते जगाला सांगायच्या आधी त्यालाच एकदा विचारा, "काचत नाही ना?"