ब्रागाच्या देवीची ओटी

आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, नवस बोलताना गावाचं नाव घातलं नाही, तिथंच सगळं अडलं. माझा नवरा बालाजी पुण्याला, नाशिकला मुलाखती देत हिंडत होता तेव्हाची गोष्ट. येडशीच्या रामलिंगाला गेल्या असताना पायऱ्या उतरता उतरता त्या बोलल्या म्हणे, की पोराला नोकरी लागंल त्या गावच्या देवीची ओटी भरीन. त्यांच्या हिशोबानं लांबात लांब म्हणजे पुणं. पोराला नोकरी लागली ब्रागाला. ब्रागा पोर्तुगालच्या उत्तरेला. कळंबच्या स्टँडवरून तिकडं गाडी नाही.

हा नवस मला कळला तो यंदा जानेवारीत, बालाजीला तिकडं जाऊन दहा महिने झाल्यावर. तोवर माझा आणि आमच्या लेकीचा, आरोहीचा, व्हिसा येऊन पडला होता. मार्च संपायच्या आत गेलो नाही तर तो वाया जाणार. पासपोर्ट मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवले होते आणि त्या थरातली साडी नेसायचंच बंद केलं होतं.

आरोही अडीच वर्षांची. महिन्यातून एकदा तिला खोकला ठरलेला. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी. बाकीच्यांना नुसता खोकला ऐकू येतो, मला त्यातले जंतू दिसतात. तिकडची थंडी, पाऊस, दिवसभराचा प्रवास, आपली भाषा न कळणारा डॉक्टर. बालाजी आधी रोज विचारायचा, तिकीट काढू का. मी म्हणायचे, एवढा खोकला जाऊ द्या. मग तो आठवड्यातून एकदा विचारू लागला. आता विचारतच नव्हता, आणि तेच मला जास्त लागत होतं.

आत्यांचं म्हणणं, पोरगी खोकते ती नवस अडलाय म्हणून. मी म्हणाले, विषाणू आहे. त्या म्हणाल्या, “आसंल की. त्यो बी अडलेल्या नवसानंच आला आसंल.”

तर बालाजीला हुकूम गेला, गावची देवी शोध. दर रविवारी आमच्या दुपारी चारला, म्हणजे तिकडं सकाळी साडेदहाला, तो फोनवर एकेक देवस्थान दाखवू लागला. फोन आत्यांच्या हातात, आरोही माझ्या मांडीवर आणि माझा हात तिच्या कपाळावर.

पहिल्या रविवारी बों जेझूश, म्हणजे येशूचं देवस्थान. डोंगरावर देऊळ आणि त्याला नागमोडी चढत गेलेल्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या, पाचशेच्या वर. आत्यांनी हात जोडले. म्हणाल्या, आपला रामलिंग दरीत उतरून भेटतो, ह्यांचा चढून भेटतो, दमणं सारखंच. मी विचारलं, कठडा आहे का? बालाजीनं कठडा दाखवला. मी म्हणाले, त्याच्या फटीतून मूल जाईल का? त्यानं फटीत हात घालून दाखवला. शेजारून एक जुनी गाडी रुळांवरून वर चढत होती. वरच्या डब्यात पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालचा वर ओढला जातो. आत्यांना ते लगेच कळलं. त्यांच्या माहेरी विहिरीवर मोट होती.

पायऱ्यांच्या मधे मधे कारंजी होती, दगडी माणसांची. एकाच्या डोळ्यातून पाणी, एकाच्या कानातून. मग बालाजीनं तिसरा दाखवला. त्याच्या नाकातून धार लागली होती. आत्या हसून हसून खोकल्या. मी हसले नाही. ज्या गावात दगडाच्या माणसाचं नाक वाहतं, तिथं माझ्या लेकीचं काय होणार?

पण तो बाप्या देव निघाला. बाप्याची ओटी भरत नाहीत. बाद.

दुसऱ्या रविवारी त्याच डोंगररांगेत आणखी वर, सामेइरू. तिथं देवीच होती, येशूची आई, मोठ्या घुमटाखाली. देऊळ शे-दीडशे वर्षांचं, असं बालाजी सांगून बसला. आत्या म्हणाल्या, ही तर कालपरवाची देवी, आणि वेशीबाहेरची. गावची वेगळी असणार. मला तिथला वारा पटला नाही, फोनमधूनच कानात शिरत होता.

तिसऱ्या रविवारी तो बस पकडून लांब डोंगरात साँव बेंतू नावाच्या संताच्या देवळात गेला. तिथं लोक नवसाला मेणाचे अवयव वाहतात. पाय, हात, कान, मेणाची तान्ही बाळंसुद्धा. आपल्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहतात त्यातलाच प्रकार, त्यामुळं आत्यांना एकदम घरचं वाटलं. बालाजीनं मला चिडवायला विचारलं, मेणाची छातीपण मिळते, आरोहीच्या खोकल्यासाठी घेऊ का? मी म्हणाले, काहीतरीच काय. थोड्या वेळानं मी विचारलं, केवढी असते?

पण हाही बाबाच. तोही बाद.

मला आता नवसाचीच शंका येऊ लागली होती. दर रविवारी त्याला नवी अट फुटत होती. आधी नुसती देवी चालणार होती, मग गावातलीच पाहिजे झाली, मग जुनी पाहिजे. शेजारच्या तुळजाबाईंना मी विचारलं, नवस असा वाढत जातो का हो? त्या म्हणाल्या, नवस न्हाय वाढत, तुझी सासू वाढवती.

चौथ्या रविवारी बालाजी भर गावातल्या मोठ्या चर्चला गेला. त्याच्या ऑफिसातली माणसं फार जुन्या वस्तूला म्हणतात, ब्रागाच्या सेपेक्षा जुनी. से म्हणजे हेच चर्च. आत्या सावरून बसल्या. बारीक पाऊस पडत होता. चर्चला वळसा घालून तो मागच्या भिंतीशी गेला आणि फोन वर धरला. कोनाड्यात दगडाची बाई उभी, कडेवर मूल, आणि त्याला ती अंगावर पाजत होती. दुधाची आई म्हणतात हिला, बालाजी म्हणाला.

आत्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग पदर डोक्यावर घेऊन म्हणाल्या, “लेकुरवाळी हाय. हीच.”

बालाजी खूश झाला. म्हणाला, उद्याच ब्लाउज पीस आणि तांदूळ ठेवून येतो. आत्यांनी त्याला तिथंच थांबवलं. बाप्याच्या हातानं ओटी? आणि त्या स्वतः कशा भरणार, मामंजी जाऊन सहा वर्षं झाली. सवाष्णीनंच भरायची, तेही लेकुरवाळीची म्हणजे लेकराला घेऊनच. बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी कपाटाकडं पाहिलं.

तेवढ्यात बालाजीच्या मागून एक बाई बाबागाडी ढकलत गेली. आतलं पोर आरोहीएवढं, आणि पावसात उघड्या डोक्यानं.

“अहो, त्या बाळाला टोपी का नाही?” मी म्हणाले.

बालाजी साधा माणूस. त्यानं जाऊन विचारलंच, मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमधे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईनं फोनमधे डोकावून पाहिलं, मी दिसले, माझ्या मांडीवर टोपी घातलेली आरोही दिसली. बाई हसली. तिनं गाडीच्या पिशवीतून एक टोपी काढली, दुसरी काढली, तिसरीही. एकेक पोराच्या डोक्यावर ठेवून हात असे झटकले, की मला भाषा लागलीच नाही. पोर दर वेळी ओढून फेकतं. मग ती पोराच्या कपाळाला हात लावून बघत पुढं गेली. कपाळ, मग मान, मग हाताचा मागचा भाग पोटाला. अगदी माझ्याच क्रमानं.

आरोहीनं तेवढ्यात स्वतःची टोपी काढून फेकली.

मी म्हणाले, “वीस मार्चच्या आसपासचं तिकीट बघा. मधली सीट नको.”

फोन हलला, मग ओली फरशी आणि बालाजीचे बूट दिसत राहिले. आत्या म्हणाल्या, बंद कर आता, भिजतोयस.

परवा बॅग भरली. आत्यांनी खण, मापून पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक असं गाठोडं बांधलं. विमानात खोबऱ्याची वाटी चालत नाही हे त्यांना महिनाभर आधी ठाऊक होतं. कुणाला विचारलं होतं, देव जाणे. गाठ मारता मारता म्हणाल्या, बरं झालं बाई, येरमाळ्याच्या देवीम्होरं बोललेलं एकदाचं फिटंल.

माझं लक्ष असतं सगळीकडं. मी म्हणाले, “आत्या, रामलिंगाच्या पायऱ्यांवर बोलले, असं जानेवारीत सांगितलं होतंत तुम्ही.”

त्यांनी गाठ आणखी आवळली.

“दोनीकडं बोलले आसंन. तू टोप्या किती घेतल्यास ते सांग.”

“चार.”

“सहा घे,” त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून आरोहीच्या कपाळाला हात लावून बघू लागल्या.