लॉक व्हॉल्व्हची जागा

माझं डोकं पटकन फिरतं, हे मांजरी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हायड्रॉलिकच्या कामात पंचवीस वर्षं गेली माझी, कोणी शिकवायला आलेलं मला खपत नाही. मच्छिंद्र कधी शिकवायला आला नाही. "हमीदभाई म्हणतील तसं," एवढंच त्याचं म्हणणं.

त्याच्या ट्रॅक्टरला पुढे माती-खत उचलायचा बकेटवाला लोडर होता. इंजिन बंद केलं की वर उचललेली बकेट हळूहळू खाली यायची. म्हणून ग्रीस मारायला खाली शिरताना तो लोडरला बाभळीच्या ओंडक्याचा टेकू द्यायचा. मी म्हटलं, दोन्ही सिलिंडरना लॉक व्हॉल्व्ह बसवू, तेल मागे फिरणार नाही, बकेट जागची हलणार नाही.

हे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या तोंडालाच बसवायचे असतात. मग लिव्हरपासून सिलिंडरपर्यंत तेल नेणारा होज पाइप फुटला तरी तेल सिलिंडरमध्ये अडकून राहतं. पण त्याच्या सिलिंडरचे आटे जुळेनात. लेथवरून जोड करून आणायचा तर दुसरा दिवस उजाडणार, आणि मी आजच गाडी देतो म्हणून छातीठोकपणे सांगून बसलेलो. मग बसवले लिव्हरजवळ, पाइपाच्या अलीकडे. काय बिघडतंय, म्हटलं.

बकेट वर केली, इंजिन बंद केलं, दोघं चहा पिऊन आलो. इंचभरही उतरली नव्हती. मच्छिंद्र जाम खूश झाला. आता हे लोढणं कशाला, म्हणत त्यानं तो ओंडका शेजारच्या उसात भिरकावून दिला. मी बघत होतो. पाइप फुटला तर हे लॉक काही कामाचं नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

चार महिन्यांनी पाइप फुटला. मच्छिंद्र बकेटखाली ग्रीस मारत होता. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही, जागीच गेला.

सगळे पाइपाला शिव्या घालत होते. मीही घातल्या, इतका हलकट मी. पण दहावं झाल्यावर त्याच्या बायकोसमोर, शकूवहिनीसमोर, बसलो आणि ते जमेना. लॉक कुठं बसवायचं असतं, मी कुठं बसवलं, सगळं सांगून टाकलं. रडलोही.

तिनं विचारलं, "त्यांनी वंडका टाकला, तवा तुमी तितंच व्हता न्हवं? मग का नाय बोलला?"

"लाज वाटली, वहिनी. काम अर्धवट केलं होतं, ते कळलं असतं."



"येवढ्यासाठी?"