फाटकातला सत्कार

चिंचणीला खाडीकाठी आमच्या बायका पिढ्यान्पिढ्या बोंबील वाळवत आल्या, ती जागा एका सरकारी खात्याने भिंत घालून बंद केली. फाटकाला कुलूप ठोकलं. कशासाठी, ते आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. माझी सासू तानी कोर्टात गेली आणि चक्क जिंकली. जागा बायकांना खुली करा, असा हुकूम झाला.

तो हुकूम घेऊन आम्ही पालघरला खेटे घातले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. शेवटी आमच्या वकील उन्नतीताईंनी कोर्टाच्या अवमानाचा अर्ज केला, तेव्हा कुठे नवे साहेब गाडी घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं.

सासूचे डोळे भरून आले. "सपना, घरातून नारल आन. ती नवी शाल पन आन."

"आई, आधी बोंबील तर टांगू या."

"गप बस. मानूस दारात आलाय, त्याला तसाच धाडू?"

उघड्या फाटकात साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या कारकुनाने फोटो काढला. "मावशी, जरा हसा," म्हणाला. सासू मनापासून हसली.

साहेब गाडीत बसले आणि शिपायाने पुन्हा कुलूप लावलं. आत खात्याचं सामान आहे, ते हललं की फाटक उघडंच राहील, असं म्हणाला. सामान अजून तिथेच आहे.

पुढच्या तारखेला सरकारी वकिलांनी तो फोटो कोर्टापुढे ठेवला. जागा खुली झाली, अर्जदार बाईंनी स्वतः सत्कार केला. उन्नतीताई कुलपाचं सांगत राहिल्या. तक्रार असेल तर नव्याने अर्ज करा, असं सांगून कोर्टाने आमचा अर्ज निकाली काढला. मला इतका संताप आला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना.

आता आम्ही रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून बोंबील टांगतो. बोईसरकडे जाणारे डंपर त्यावर धूळ उडवत जातात. गिऱ्हाईक बोटाने चाचपून पुढे जातं.

काल दोरी सोडताना सासूने विचारलं, "फोटोत मी लय हसते काय गं?"

"हो, आई."

"मंग आपलं कोन खरं मानंल?" म्हणाली, आणि पदराने एकेक बोंबील पुसायला लागली.